आफ्रिकेत कुठं, साहेब?

आमच्या ऑफिसात फोन येतो तो साधारण असा. "मॅडम, एक कंटेनर आफ्रिकेला पाठवायचाय. रेट काय लागंल?" मी विचारते, "आफ्रिकेत कुठं, साहेब?" पलीकडे जरा शांतता. मग, "आफ्रिकेतच ओ. तुम्ही अंदाजे तर सांगा."

मी न्हावा शेवा बंदराजवळ एका छोट्या फ्रेट फॉरवर्डिंग कंपनीत काम करते. बिल ऑफ लेडिंग, पॅकिंग लिस्ट, सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, असली कागदपत्रं बनवायची आणि लोकांना रेट द्यायचे. आठ वर्षं झाली. या आठ वर्षांत "आशियाचा अंदाजे रेट सांगा" असं मला एकानेही विचारलेलं नाही. जपान आणि येमेनला एकच भाव लागेल असं कुणाच्या मनातही येत नाही. आफ्रिकेत ५४ देश आहेत, क्षेत्रफळ तीन कोटी चौरस किलोमीटर, म्हणजे नऊ भारत आरामात मावतील एवढं. कैरो ते केपटाऊन विमानाने सरळ गेलात तरी सात हजार किलोमीटर होतात. पण आपल्या बोलण्यात तो एक देश आहे. फार तर एक जिल्हा. रस्त्यात खड्डे लागले की "आफ्रिकेत आल्यासारखं वाटतंय" म्हणायला आपण मोकळे.

यात नकाशाचाही दोष आहे. भिंतीवरच्या आणि फोनमधल्या बहुतेक नकाशांत ध्रुवाकडचे प्रदेश फुगतात, विषुववृत्तावरचे आकसतात. त्या नकाशात ग्रीनलँड आणि आफ्रिका जवळपास सारखे दिसतात. प्रत्यक्षात आफ्रिका चौदा पट मोठी आहे. पण हे निमित्त झालं. नकाशा चुकीचा असला तरी "कुठला देश?" एवढं विचारायला कुणी अडवलेलं नाही.

हे सगळं आज लिहायला बसले त्याला कारण एक व्हिडिओ. भावाने पाठवला. 'आफ्रिका गरीब का?' असा प्रश्न आणि तीन मिनिटांत उत्तर. वाळवंट आहे, जंगल आहे, नद्यांवर धबधबे आहेत म्हणून जहाजं आत जात नाहीत, नैसर्गिक बंदरं कमी, सोळा देशांना समुद्रच नाही. म्हणजे भूगोलानेच मारलं, दुसऱ्या कुणाची चूक नाही, चला पुढचा व्हिडिओ बघा. भावाने खाली लिहिलं होतं, 'भारी समजावलंय ना?'

भारी समजावलंय. त्यातली माहिती खोटी नाही, आणि म्हणूनच माझा जास्त संताप झाला. काँगो नदी घ्या. पाण्याच्या बाबतीत ॲमेझॉननंतर तिचाच नंबर. आत हजारो किलोमीटर बोटी चालतात. पण किन्शासाच्या खाली समुद्राकडे येताना ती धबधब्यांच्या नि खळाळांच्या माळेत सापडते. म्हणून माटाडी बंदरापासून किन्शासापर्यंत रेल्वे टाकावी लागली, ती १८९८ मध्ये पुरी झाली. इथवर भूगोल मान्य. आता त्याच किन्शासाच्या समोर बघा. नदीच्या पलीकडच्या काठावर ब्राझाव्हिल. दोन वेगळ्या देशांच्या राजधान्या समोरासमोर, इतक्या जवळ की इकडून तिकडच्या इमारती दिसतात. दोन्हींमध्ये पूल नाही. आजही होडीने जावं लागतं. एक काठ बेल्जियमकडे गेला, दुसरा फ्रान्सकडे. दोघांनी आपापल्या काठावरून समुद्रापर्यंत आपापली स्वतंत्र रेल्वे टाकली. समांतर दोन रेल्वे झाल्या आणि मध्ये पूल झाला नाही. हा धबधब्याचा दोष?

फोनवर आफ्रिकेचा रेल्वे नकाशा शोधा आणि दोन बोटांनी मोठा करा. तुम्हाला जाळं दिसणार नाही. किनाऱ्यावरून आत शिरणाऱ्या सुट्ट्या रेघा दिसतील, वेगवेगळ्या बाजूंनी टोचलेल्या सुया असाव्यात तशा. प्रत्येक रेघेच्या एका टोकाला बंदर आणि दुसऱ्या टोकाला खाण, नाहीतर कापूस, कोको, भुईमूग. दोन शेजारी देशांना जोडणारी रेघ क्वचित. ती सापडली तरी रुळांची रुंदी जुळेलच असं नाही. केनिया-युगांडात जुनी रेल्वे मीटरगेज, झांबिया-झिम्बाब्वेत १,०६७ मिलिमीटर. बर्लिनमध्ये १८८४-८५ साली युरोपीय सत्तांची परिषद भरली, तिथे या खंडाच्या वाटपाचे नियम ठरले आणि टेबलाभोवती एकही आफ्रिकन प्रतिनिधी नव्हता. ज्याने त्याने आपला हिस्सा आपल्या बोटीपर्यंत ओढला. शेजाऱ्याशी जोडून त्यांना काय मिळणार होतं?

केनियातल्या त्या मीटरगेजमध्ये आपलंही देणं आहे. मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतची रेल्वे १८९६ ते १९०१ मध्ये बांधली ती ब्रिटिश हिंदुस्थानातून नेलेल्या सुमारे ३२ हजार मजुरांनी, बहुतेक पंजाबातले. त्यातले अडीच हजारांच्या आसपास तिथेच मेले. मीटरगेज निवडलं त्यामागे इथली इंजिनं, डबे तिकडे वापरता यावेत हाही हिशेब होता.

हा सुयांचा नकाशा विदर्भातल्या वाचकाला ओळखीचा वाटायला हवा. जलंब-खामगाव हा फाटा १८७० मध्ये सुरू झाला, तो खामगावच्या लोकांना फिरता यावं म्हणून नाही. कापूस मुंबई बंदरात न्यायचा होता. यवतमाळ-मूर्तिजापूरची शकुंतला कशासाठी आली? त्याचसाठी. आपला नकाशाही आधी असाच टोचलेला होता. फरक एवढाच की १९४७ नंतर हे सगळे फाटे एका सरकारच्या, एका रेल्वे मंत्रालयाच्या हातात आले. तरीही मीटरगेज, नॅरोगेज मोडून ब्रॉडगेज करण्याचा मोठा कार्यक्रम १९९२ मध्ये सुरू झाला, आणि समुद्र दारात असूनही कोकणाला पूर्ण रेल्वे मिळायला १९९८ उजाडलं. एका देशात एवढा वेळ लागला. विदर्भ एक देश, खानदेश दुसरा, मराठवाडा तिसरा, प्रत्येकाची सीमा, चलन आणि रुळांची रुंदी वेगळी असती, तर आज आपल्यावरही कुणीतरी तीन मिनिटांचा व्हिडिओ केला असता. 'सह्याद्री आडवा आला.'

सोळा देशांना समुद्र नाही हे तर असं सांगतात जणू ते ज्वालामुखीतून तसेच बाहेर पडले. इथिओपियाकडे बघा. १९९३ मध्ये एरिट्रिया स्वतंत्र झाला आणि इथिओपियाचा किनारा गेला. तरी असाब बंदर वापरता येत होतं. १९९८ मध्ये दोघांचं युद्ध पेटलं आणि तीही वाट बंद झाली. आता बारा कोटींहून जास्त लोकांच्या या देशाचा नव्वद टक्क्यांहून अधिक व्यापार जिबूती या चिमुकल्या शेजाऱ्यामधून होतो. आदिस अबाबा ते जिबूती सुमारे ७५० किलोमीटरची नवी विजेवरची रेल्वेही त्यासाठीच टाकली. समुद्र होता तिथेच आहे. माझ्या जन्मानंतर फक्त मध्ये सीमा आली.

आता माझी चूक सांगते. तीन वर्षांपूर्वी कोल्हापूरच्या एका कारखानदारांनी पंपांच्या सुट्या भागांचा रेट मागितला. माल जायचा होता झांबियातल्या एंडोला शहरात. वयस्कर गृहस्थ, पहिलीच निर्यात, मला "ताई" म्हणायचे. मी दार-एस-सलामपर्यंतचा समुद्राचा रेट लिहून पाठवला. खाली नेहमीची ओळ होती, 'अंतर्गत वाहतूक वेगळी'. ती त्यांनी वाचली, पण त्यांना वाटलं बंदरातून पुढे टेम्पो करायचा असेल. मी फोन करून सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. खरं म्हणजे मलाही तेव्हा नकाशा उघडावासा वाटला नव्हता. त्यांनी गिऱ्हाइकाला दारात पोच भाव देऊन टाकला. न्हावा शेवा ते दार-एस-सलाम समुद्राने साडेचार हजार किलोमीटरहून जास्त. तिथून एंडोला रस्त्याने अठराशे-एकोणीसशे. आणि या दुसऱ्या टप्प्याला पहिल्यापेक्षा जास्त पैसे लागले. टांझानिया-झांबिया सीमेवर टुंडुमाला ट्रकची रांग होती, त्यात दिवस गेले ते वेगळेच. काकांचा नफा गेला आणि वर खिशातले गेले. ते भांडले नाहीत. "ताई, आफ्रिका एवढी मोठी असंल असं वाटलं नव्हतं," एवढंच म्हणाले.

त्यानंतर मी वाचायला लागले. दार-एस-सलामहून झांबियाला रेल्वे आहे. ताझारा, १,८६० किलोमीटर. १९६५ मध्ये ऱ्होडेशियातल्या गोऱ्या अल्पसंख्याक सरकारने एकतर्फी स्वातंत्र्य जाहीर केलं, आणि झांबियाचं तांबं ज्या वाटेने जायचं ती वाट शत्रूच्या हातात गेली. झांबियाचे कौंडा आणि टांझानियाचे न्येरेरे यांनी पूर्वेकडे नवी रेल्वे मागितली. जागतिक बँक आणि पाश्चात्त्य देशांनी 'परवडणार नाही' म्हणून हात वर केले. चीनने बिनव्याजी कर्ज दिलं आणि १९७० ते १९७५ मध्ये रूळ पडले. दोन आफ्रिकन देशांनी आपल्या गरजेपोटी ठरवलेली रेघ ही. ती झांबियाच्या रुळांशी जुळावी म्हणून १,०६७ मिलिमीटरची केली. त्यामुळे दार-एस-सलाममधल्या जर्मन काळातल्या मीटरगेजशी ती जुळेना. एका शहरात दोन गेज. जुन्या मालकांचं भांडण नव्या मालकांनाही असं पुरतं.

पुढे तिची देखभाल नीट झाली नाही, माल ट्रकवर गेला, आणि म्हणून काकांचे पंप रांगेत उभे राहिले. हे पाप मात्र गोऱ्यांचं नाही. सगळं तिकडे ढकलणारेही मला आळशीच वाटतात. नायजेरियाने दशकानुदशकं कच्चं तेल विकलं आणि पेट्रोल बाहेरून आणलं, कारण सरकारी रिफायनऱ्या धड चालवल्या नाहीत. लागोसजवळच्या खाजगी डांगोटे रिफायनरीतून पेट्रोल निघू लागलं ते २०२४ मध्ये. हाही कुणाचा तरी निर्णयच होता, फक्त घेणारे घरचे होते. आणि उलट बाजूला बोट्स्वाना. समुद्र नाही, बराचसा भाग कालाहारी, १९६६ मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा डांबरी रस्ता जेमतेम डझनभर किलोमीटर. दुसऱ्याच वर्षी हिरे सापडले. हिरे काँगोतही आहेत, सिएरा लिओनमध्येही आहेत. बोट्स्वानाने त्या पैशातून शाळा आणि रस्ते केले. व्हिडिओवाल्याच्या यादीत हा देश 'समुद्र नसलेले' या रकान्यात बसतो आणि तिथेच त्याची गोष्ट संपते.

झांबेझी नदीवर बोट्स्वाना आणि झांबिया यांच्यामध्ये काझुंगुला इथे पूर्वी ट्रक तराफ्यावरून जायचे, दिवसचे दिवस थांबायचे. २०२१ मध्ये तिथे ९२३ मीटरचा पूल झाला. तो वाकडा आहे, कारण सरळ बांधला असता तर झिम्बाब्वेच्या हद्दीत गेला असता. मला हा पूल फार आवडतो.

हल्लीचं दुसरं वाक्य म्हणजे 'चीनने आफ्रिका गिळली'. यातही आफ्रिका एकच आणि ती गप्प बसून गिळली जाणारी. अंगोलाच्या लोबितो बंदराकडे येणारी बेंग्वेला रेल्वे यादवी युद्धात मोडली, चिनी कंपन्यांनी ती पुन्हा उभारली. आता त्याच मार्गाला अमेरिका आणि युरोपचा पैसा लागतोय, कारण पलीकडे काँगोचं कोबाल्ट आणि तांबं आहे. मोझांबिकमधल्या मोआतिझेचा कोळसा मलावी ओलांडून नकाला बंदरात आणणारी रेल्वे ब्राझिलियन कंपनीने उभी केली, आज ती आणि ती खाण भारतातल्या जिंदाल समूहाकडे आहे. म्हणजे सुया टोचणाऱ्यांत आपणही आहोत. याचं कौतुक करायचं की लाज वाटून घ्यायची हे ज्याने त्याने ठरवावं, पण निदान आपण गॅलरीत बसून बघतोय असं समजू नये.

गॅलरीत आपण नाहीच. माझं गाव सावंतवाडीकडचं. आमच्या भागातल्या काजू कारखान्यांत बाहेरची बी फोडली जाते, आणि बाहेरची म्हणजे मुख्यतः आफ्रिकेतली. बागायतदार चिडतात, "आफ्रिकेची बी आली की आमचा दर पडतो." त्यांचा राग रास्त आहे. पण ती बी येते आयव्हरी कोस्ट, बेनिन, टांझानिया अशा ठिकाणांहून. आयव्हरी कोस्ट कच्च्या काजूचं जगातलं सर्वांत मोठं उत्पादक आहे, आणि तिथलीही बहुतेक बी न फोडताच व्हिएतनाम नाहीतर भारताच्या बोटीत चढते. तिथल्या शेतकऱ्याचंही दुःख हेच, की फोडणी दुसरीकडे आणि पैसाही दुसरीकडे. या दोघांना एकमेकांचं गाव माहीत नाही. एकाला 'आफ्रिका' दिसते, दुसऱ्याला 'इंडिया'.

टांझानियात तीनचाकी रिक्षाला 'बजाजी' म्हणतात, इथिओपियात 'बजाज'. पुण्याच्या कंपनीचं नाव तिथे वस्तूचं नाव झालं. केनियात एम-पेसा २००७ मध्ये सुरू झालं, साध्या बटनाच्या फोनवर. आपलं यूपीआय आलं २०१६ मध्ये. मॉरिशस हाही आफ्रिकन युनियनचा सदस्य देश, तिथे एकोणिसाव्या शतकात गेलेल्या मराठी माणसांचे वंशज आहेत आणि शाळेत मराठी शिकता येतं. 'आफ्रिकेत आल्यासारखं वाटतंय' म्हणणाऱ्याला हे सांगितलं की तो म्हणतो, "मॉरिशस वेगळं हो." बरोबर. मॉरिशस वेगळं, बोट्स्वाना वेगळं, इजिप्त वेगळं. सगळी वेगळी काढून झाल्यावर उरतं काय, ते त्याने एकदा सांगावं.

आमच्या रेटशीटमध्ये युरोपाचे चार रकाने आहेत, आखाती देशांचे दोन. आफ्रिकेचा एक. साहेबांना दोनदा सांगून झालं, ते म्हणाले "बघू". मी माझ्या कॉपीत सहा केलेत, शिवाय समुद्र नसलेल्या देशांसाठी एक वेगळा, त्यात बंदरापासून पुढचं अंतर किलोमीटरमध्ये. काल सकाळी फोन आला, इचलकरंजीहून. "मॅडम, आफ्रिकेचा रेट..." मी म्हटलं, "साहेब, आधी गाव सांगा. मग फोन ठेवू नका, दहा मिनिटं लागतील."