न्यूज फीड तयार आहे, पण वाचकाला सापडतच नाही! वेबसाइटवाले नेमकं कुठे चुकतात?

ऑगस्ट २०२३ मध्ये कॅनडातल्या फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरून बातम्या गायब व्हायला लागल्या. बातम्यांसाठी माध्यमांना पैसे द्यावेत असा कायदा तिथल्या सरकारने केला आणि मेटाने बातम्याच बंद केल्या. ज्यांनी वर्षानुवर्षं वृत्तसंस्थांची पेजेस फॉलो केली होती, त्यांनाही पोस्ट दिसेनात.

म्हणजे पेज फॉलो केलं तरी मध्ये एक कंपनी बसलेली असते. ती कंपनी मध्ये न येता वेबसाइट फॉलो करण्याची सोय इंटरनेटवर जवळपास २५ वर्षांपासून आहे. तिचं नाव आरएसएस फीड. (नाव ऐकून नागपूर आठवलं असेल, तर हे ते नाही.)

फीड म्हणजे काय?

वेबसाइटवर ठेवलेली एक साधी फाइल. तिच्यात ताज्या मजकुराचं शीर्षक, तारीख, लिंक आणि कधी कधी पूर्ण लेखही असतो. फीडली, इनोरीडर यांसारखी रीडर ॲप्स ही फाइल ठरावीक वेळाने तपासतात आणि नवीन काही आलं की तुम्हाला दाखवतात. काय दाखवायचं हे फेसबुकचा अल्गोरिदम नाही, तुम्ही ठरवता. नेटस्केप कंपनीने १९९९ मध्ये हा प्रकार आणला. आजही पॉडकास्ट याच तंत्रावर चालतात.

मग तो दिसत का नाही?

एकेकाळी ब्राउझरमध्येच फीडचं नारिंगी चिन्ह दिसायचं. १ जुलै २०१३ ला गुगलने 'गुगल रीडर' बंद केलं. डिसेंबर २०१८ मध्ये फायरफॉक्सनेही फीड वाचायची सोय काढून टाकली. फीड होते तिथेच राहिले, फक्त तिथवर नेणाऱ्या पाट्या निघाल्या.

स्टॅटिक साइटवर घोळ कुठे होतो?

अनेक ब्लॉग आणि छोट्या साइट ह्युगो, जेकिल अशा स्टॅटिक साइट जनरेटरवर चालतात. यात पानं आधीच तयार करून सर्व्हरवर ठेवली जातात. डेटाबेस लागत नाही, खर्च कमी आणि साइट वेगवान.

ह्युगो मुख्य पानाचा आणि प्रत्येक विभागाचा फीड आपोआप बनवतं. जेकिलमध्ये त्यासाठी 'जेकिल-फीड' प्लगइन मिळतं. पण फाइल बनली म्हणजे काम झालं असं नाही. फीड कुठे आहे, हे पानाच्या 'हेड' भागातल्या एका 'लिंक' टॅगने सांगावं लागतं. तुम्ही रीडरमध्ये साइटचा पत्ता टाकता, तेव्हा ॲप हीच ओळ शोधतं. ती नसेल, तर काही ॲप्स अंदाजाने ठरावीक पत्ते तपासतात. तेही चुकले, तर 'फीड सापडला नाही' असा निरोप मिळतो.

ह्युगोमध्ये ही ओळ टाकणं थीमचं काम. थीम बनवणारा विसरला, तर फीड असून नसल्यासारखा. जेकिलमध्येही प्लगइनचा 'फीड मेटा' टॅग थीममध्ये असावा लागतो.

सगळ्यात महाग चूक कोणती?

वर्डप्रेसवरून स्टॅटिक साइटवर जाताना फीडचा जुना पत्ता मोडणं. वर्डप्रेसचा फीड साधारणपणे 'स्लॅश फीड'वर असतो, ह्युगोचा 'इंडेक्स डॉट एक्सएमएल'वर. जुन्या पत्त्यावरून नव्याकडे रीडायरेक्ट लावला नाही, तर जुन्या वाचकांपर्यंत नवं काहीच पोहोचत नाही. वाचकाला वाटतं, यांनी लिहिणं बंद केलं. वेबसाइटवाल्याला मात्र पत्ताही लागत नाही, कारण फीडचे वाचक फॉलोअर्ससारखे मोजलेले नसतात.

दुसरी चूक म्हणजे सेटिंगमध्ये साइटच्या खऱ्या पत्त्याऐवजी नमुन्याचा पत्ता तसाच राहणं. मग फीडमधल्या लिंक भलतीकडेच नेतात.

मोठ्या साइट फीड पुढे का आणत नाहीत?

फीडमध्ये पूर्ण लेख दिला, तर वाचक साइटवर न येताच वाचून मोकळा होतो. जाहिराती दिसत नाहीत, आकडे मिळत नाहीत. फीडमुळे एखादी बातमी व्हायरलही होत नाही. त्यामुळे नवा वाचक मिळवायला सोशल मीडिया लागतोच. पण आलेला वाचक टिकवायचा, तर त्याला थेट रस्ता हवा. छोट्या साइटला ही गरज जास्त, कारण अल्गोरिदम बदलला की पहिला फटका तिलाच बसतो.

तुम्ही काय करू शकता?

एखादं मोफत रीडर ॲप घ्या आणि आवडत्या साइटचा पत्ता त्यात टाका. यूट्यूब चॅनेललाही फीड असतो, तोही चालतो. फीड सापडला नाही, तर संपादकांना एक मेल करा. बहुतेक वेळा फीड तयारच असतो, फक्त एक ओळ राहिलेली असते.