संगणक मराठी झाला. बोटे कधी होणार?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. मराठी मनाला त्याचा आनंद होणे स्वाभाविक होते. परंतु मराठीच्या अभिमानाचे संदेश रोमन लिपीत पाठविले जाताना आजही दिसतात. भाषा आपली, अभिमान आपला, अक्षरे मात्र उसनी! याबद्दल विचारले की एक ठरलेले उत्तर मिळते : "संगणकावर मराठी लिहिणे फार कटकटीचे आहे." हे उत्तर एके काळी खरे होते. आज ती निव्वळ सबब आहे.

देवनागरीला यंत्रावर बसविण्याचा इतिहास मोठा आहे. खिळ्यांच्या छपाईत जोडाक्षरे, वेलांट्या, उकार आणि रफार यांमुळे शेकडो खिळे लागत. टंकलेखन यंत्रावर तर चाळीस-पंचेचाळीस कळांत सारे बसवायचे. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी लिपिशुद्धीचा आग्रह धरून 'अ'ची बाराखडी सुचविली, त्यामागे मुद्रण आणि टंकलेखन सुलभ व्हावे हा व्यवहारी विचार होता. यंत्र वाकत नव्हते, म्हणून लिपीला थोडे वाकविण्याची वेळ आली होती.

ही स्थिती पालटली ती भारतीय तंत्रज्ञांच्या परिश्रमांमुळे. १९८०च्या दशकात आयआयटी कानपूरमध्ये 'जिस्ट' तंत्रज्ञान आकाराला आले आणि १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या 'सी-डॅक'मध्ये ते पुढे वाढले. संगणकाच्या पोटात एक जिस्ट कार्ड बसविले की पडद्यावर भारतीय अक्षरे उमटू लागत. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने 'इस्की' हे प्रमाण स्वीकारले. 'युनिकोड' या जागतिक व्यवस्थेत देवनागरीची जी मांडणी झाली, ती १९८८च्या इस्कीवरच आधारलेली आहे. विंडोज २००० पासून 'मंगल' हा देवनागरी टंक संगणकात उपजतच येऊ लागला. त्याचे रेखाटन करणारे र. कृ. जोशी हे सुलेखनकार तर होतेच, मराठीचे कवीही होते.

मात्र याच काळात एक मोठी चूक रूढ झाली. बाजारात आलेल्या अनेक खासगी टंकांनी रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसविले. पडद्यावर 'क' दिसे, पण संगणकाच्या लेखी ते एखादे रोमन अक्षर किंवा चिन्हच असे. ज्या संगणकावर तो विशिष्ट टंक नाही, तेथे सारा मजकूर म्हणजे रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी! मराठीतील असंख्य पुस्तके, स्मरणिका आणि नियतकालिके पेजमेकरवर याच पद्धतीने तयार झाली. या सॉफ्टवेअरची शेवटची आवृत्ती २००१ मधली.

आज एखाद्या संस्थेने अमृतमहोत्सवासाठी आपली पंचवीस वर्षांपूर्वीची स्मरणिका शोधायला काढली, तर काय होते? मजकूर फ्लॉपीत असेल, तर ती वाचणारे यंत्रच घरात वा कार्यालयात उरलेले नसते. सीडीत असेल, तर तिच्यावर ओरखडे पडलेले असतात. फाइल उघडलीच, तर अक्षरे लागत नाहीत. शंभर वर्षांपूर्वीची छापील पोथी वाचता येते आणि १९९९ मधील संगणकीय लेख वाचता येत नाही! संस्थांच्या कार्याचा इतिहास, दिवंगत कार्यकर्त्यांच्या आठवणी, गावोगावच्या सेवाकार्याच्या नोंदी अशा धारिकांत अडकून पडल्या आहेत. एखादी हार्ड डिस्क बंद पडली की त्यांतील काही कायमच्या जातात आणि त्याची कोठे वाच्यताही होत नाही.

युनिकोडने हा प्रश्न पुढच्या काळापुरता मिटविला. प्रत्येक अक्षराला स्वतःची कायमची जागा मिळाली. त्यामुळे मजकूर कोणत्याही संगणकावर वाचता येतो, त्यात शब्द शोधता येतो, याद्या अकारविल्हे लावता येतात. मराठीच्या खास गरजाही हळूहळू पूर्ण झाल्या. 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' यांतील अर्धा र लिहिण्याची सोय आहे. 'ॲ'ला २००८ मध्ये स्वतंत्र स्थान मिळाले. मराठी वळणाचे ल आणि श असलेले सुबक टंक विनामूल्य मिळतात. आज लिपीला वाकावे लागत नाही. यंत्रच लिपीपुढे वाकले आहे.

उरला प्रश्न बोटांचा. भारत सरकारने प्रमाणित केलेला 'इन्स्क्रिप्ट' कळफलक विंडोज आणि लिनक्स या प्रणालींमध्ये असतोच. सेटिंगमध्ये जाऊन तो सुरू करावा लागतो इतकेच. त्याची रचना थेट वर्णमालेवर बेतलेली आहे. डाव्या हाताला स्वर आणि त्यांच्या खुणा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजने. ज्या कळीवर क, तिच्यावरच शिफ्टसह ख. जेथे ग, तेथेच घ. जेथे त, तेथेच थ. शिवाय हाच क्रम बंगाली, गुजराती, तेलुगू, कन्नड अशा अन्य भारतीय लिप्यांनाही लागू आहे. मराठीवर हात बसला की कन्नडचा 'क'ही त्याच कळीवर सापडतो. भारतीय भाषांची मूळ एकात्मता इतक्या सहजपणे अन्यत्र क्वचितच हाताला लागते.

रोमनमधून मराठी उमटविण्याची सोय असताना नवे काही शिकायचे कशाला, असा प्रश्न विचारला जातो. अडीअडचणीला ती सोय उपयोगी आहे, हे मान्य. परंतु बी, ए, एल ही तीन अक्षरे लिहिली, तर तो शब्द बल, बाल, बळ की बाळ? निवड यंत्राने सुचवायची आणि लिहिणाऱ्याने मान डोलवायची! ज्या मुलाच्या मनात मराठी शब्द आधी रोमन स्पेलिंग होऊन येतो, त्याच्या लेखनातील ऱ्हस्व-दीर्घ, ण-न आणि ळ-ल यांचे भान सुटत जाते. बोलून लिहून घेणारी सॉफ्टवेअरही आता आली आहेत. निरोपासाठी ती उत्तम. पण विरामचिन्हे, विशेषनामे आणि दुरुस्त्या यांसाठी शेवटी कळफलकाकडेच यावे लागते.

तेव्हा करायचे काय? प्रत्येक संस्थेने आपल्या जुन्या फ्लॉपी, सीडी आणि हार्ड डिस्क यांची एकदा यादी करावी. जुन्या टंकांतील मजकूर युनिकोडमध्ये नेणारी साधने उपलब्ध आहेत. मात्र रूपांतरात ऱ्हस्व वेलांटी आणि रफार चुकीच्या जागी पडतात, म्हणून मुद्रितशोधन अनिवार्य आहे. निवृत्त शिक्षकांना यासारखे सेवाकार्य दुसरे कोणते? आणि घराघरांत सुट्टीच्या दिवसांत मुलांना रोज अर्धा तास इन्स्क्रिप्ट शिकवावे. दुकानातल्या कळफलकांवर देवनागरी अक्षरे सहसा छापलेली नसतात. पाहिजे तर त्यांवर अक्षरांच्या चिकटपट्ट्या लावाव्यात. हात बसला की त्यांचीही गरज उरत नाही.

सरकारने दर्जा दिला, तंत्रज्ञांनी साधने दिली. आता काम उरले आहे ते बोटांचे, आणि बोटे आपली आहेत.