रक्त पातळ करायची गोळी आणि गगनबावड्याचा रस्ता

आमच्या आत्याचं गाव गगनबावडा तालुक्यात. लहानपणीच्या सांधेतापानं हृदयाची झडप आकसलेली, त्यातून ठोके अनियमित. डॉक्टरांनी रक्त पातळ करायची गोळी दिली आणि बजावलं, दर महिन्याला आयएनआर तपासा, आकडा 2 ते 3 मध्ये पाहिजे. ही तपासणी गावाजवळ होत नव्हती, म्हणून कोल्हापूरची वारी.

ऑगस्ट 2019 चा महापूर. रस्ता पाण्याखाली, तपासणी चुकली. मिश्री लावताना हिरड्यातनं रक्त यायला लागलं. "गोळी पचंना बघ" म्हणून आत्यानं स्वतःच बंद केली. पंधरा दिवसांत उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली.

चूक आत्याची? मला तसं वाटत नाही.

ठोके बिघडले की हृदयाच्या वरच्या कप्प्यात रक्त साकळतं. ती गुठळी मेंदूत गेली की अर्धांगवायू. झडप चांगली असली तरी हा धोका सुमारे 5 पट वाढतो. वॉरफरीनसारखी गोळी तो जवळपास दोन तृतीयांशानं कमी करते. पण आकडा वर गेला तर पोटात, मेंदूत रक्तस्राव. म्हणजे गोळी आणि तपासणी ही बैलजोडी आहे. एक बैल गोठ्यात ठेवून नांगरट होत नाही.

कुणी म्हणेल, नवीन गोळ्या घ्या की, त्यांना आयएनआर लागत नाही. खरंय, पुष्कळांना त्या चालतात, फक्त मूत्रपिंडाकडे लक्ष ठेवावं लागतं. पण धातूची झडप बसवलेल्यांना जुनीच गोळी लागते. आणि सांधेतापानं झडप बिघडलेल्यांमध्ये जुन्या गोळीवर मृत्यू कमी झाले, असं 2022 च्या 'इन्व्हिक्टस' अभ्यासात दिसलं.

म्हणून मागणी एकच. शुगरच्या मशीनसारखं, बोटाच्या थेंबावर आयएनआर सांगणारं यंत्र मिळतं. ते प्रत्येक तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात ठेवा, तेही पावसाळ्याआधी.

तोवर ज्यांच्या घरी ही गोळी चालू आहे त्यांनी ती मनानं बंद करू नये. मेडिकलमधनं परस्पर गुडघेदुखीची गोळी आणू नये. जुनी गोळी असेल तर मेथी-पालक एकदम वाढवू नये, एकदम सोडूही नये. रक्त आलं किंवा शौचाला काळं झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

तुमच्या तालुक्यात आयएनआर होतं का? खाली लिहा. यादी घेऊन आपण लोकप्रतिनिधींकडं जाऊ.