सही नको, सल्ला घ्या



अंगणवाडी, रेशन दुकान आणि प्राथमिक आरोग्य केंद्र यांच्याशी गावातल्या प्रत्येक घराचा कधी ना कधी संबंध येतो. तिथे काय द्यायचे, केव्हा द्यायचे, कोणाच्या हातून द्यायचे, हे मात्र गावात ठरत नाही. मुंबईत ठरते, जिल्ह्याला कळते, तालुक्याला परिपत्रक येते आणि गावात येते ती नुसती वही, सही-अंगठ्यासाठी. सरकारी भाषेत याला लोकसहभाग म्हणतात. येत्या जिल्हा बैठकीत आम्हाला या शब्दाचाच हिशेब मागायचा आहे.

आम्हा शेतीवाल्यांना हा प्रकार नवा नाही. ऐंशीच्या दशकात 'प्रशिक्षण आणि भेट' योजना आली. ठरलेल्या वारी सहायक यायचा, ठरलेला संदेश ठरलेल्या संपर्क शेतकऱ्याला द्यायचा. वरचा निरोप खाली येण्याची सोय पक्की होती. खालचा प्रश्न वर नेण्याची वाट कच्ची होती. बारमाही पाण्याच्या रानाला जे लागू पडले, ते कोरडवाहू मुरमाड रानाला लागू पडले नाही. माती न तपासता खताची मात्रा सांगणाऱ्याला आपण शहाणा म्हणत नाही. मग गावाला न विचारता योजना आखणाऱ्या खात्याला काय म्हणायचे?

विचारल्याने काय होते, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात २००७ साली आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. पुणे, ठाणे, अमरावती, नंदुरबार आणि तेव्हाचे उस्मानाबाद हे पहिले पाच जिल्हे. गावच्या समितीने दवाखान्याचे प्रगतिपुस्तक भरायचे: चांगल्याला हिरवा रंग, मधल्याला पिवळा, वाईटाला लाल. मग जनसुनवाई. औषध बाहेरून आणायला का सांगितले, नर्सताई मुक्कामाला का नसतात, हे लोकांनी भर सभेत विचारले आणि अधिकाऱ्यांना तिथेच उत्तर द्यावे लागले. जे स्थानिक पातळीवर सुधारण्यासारखे होते, ते बऱ्याच ठिकाणी सुधारले. डॉक्टरांच्या रिकाम्या जागा मात्र सुनवाईने भरल्या नाहीत, कारण ती किल्ली राज्याच्या हातात होती. यातून धडा स्पष्ट आहे. ज्याच्या हातात निर्णय आहे, तो माणूस सभेत हजर पाहिजे. नाहीतर सभा म्हणजे खालच्या कर्मचाऱ्याला झोडपण्याची जागा होते.

दुसरा दाखला पोषणाचा. अंगणवाडीत पाकिटातला कोरडा आहार घरोघर वाटला, की तो बाळाच्या पोटात जातो की गोठ्यात, हे गावातल्या प्रत्येक बाईला ठाऊक असते. पाकीट ठरवणाऱ्याने तिला विचारलेले नसते. अंगणवाडीच्या आहारातून ठेकेदार हटवा, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ सालीच सांगितले होते. महाराष्ट्राच्या आदिवासी भागात २०१५ साली अमृत आहार योजना आली. तिच्यात गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचे ताजे जेवण द्यायचे आणि त्याची व्यवस्था गावातल्या आहार समितीने पाहायची, असे ठरले. पैसा वेळेवर आला नाही तर चूल विझते, हे खरे. पण डाळ कोणती, भाजी कोणाच्या रानातली, हे गावात ठरू शकते, एवढे तरी मान्य झाले.

अधिकारी म्हणतात, लोकांना तांत्रिक गोष्टी कळत नाहीत. लोहाच्या गोळीत किती लोह असावे, हे डॉक्टरांनीच सांगावे. पण ती गोळी बाई का टाकून देते, हे बाईच सांगेल. दोघांची माहिती एकत्र आल्याशिवाय योजना उभी राहत नाही.

दुसरा आक्षेप आम्ही स्वतःच घेतो. गाव म्हणजे एकदिलाचे कुटुंब नव्हे. ग्रामसभेत पुढच्या रांगेतले चार जण बोलतात, मजूर आणि वस्तीवरचे लोक मागे उभे राहतात. गणपूर्तीअभावी सभा तहकूब होते आणि पुढच्या सभेला गणपूर्ती लागत नाही, म्हणून मूठभरांत ठराव होतात. कायद्यात ग्रामसभेआधी महिला सभा सांगितली आहे; ती कागदावर होते. सुगीच्या भर दुपारी सभा ठेवली तर रोज बुडवून कोण येणार? यात खात्याचा दोष आहे तसा गावकारभाऱ्यांचाही आहे, आणि त्यांत आपलेही भाऊबंद आहेत.

म्हणून जिल्हा बैठकीपुढे आम्ही पाच मागण्या ठेवतो.

१. योजना ठरण्याआधी विचारा. ठरल्यावर माहिती देणे म्हणजे सहभाग नव्हे.
२. वस्तीवर, संध्याकाळी, कामाची वेळ टाळून बैठका घ्या. बायकांची बैठक वेगळी आणि आधी घ्या.
३. गावच्या समितीच्या हाती थोडा का होईना, पण मोकळा निधी वेळेवर द्या.
४. ठरावाला मुदतीत लेखी उत्तर द्या. 'नाही' असेल तर कारणासह 'नाही' म्हणा.
५. आलेला माल आणि झालेला खर्च चावडीवर वाचून दाखवा. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात रेशन दुकानाच्या पातळीवर दक्षता समिती आणि सामाजिक अंकेक्षण आहे. आपल्या गावची समिती कोणती, हे नावानिशी विचारा.

हे सरकारवर उपकार म्हणून करायचे नाही, की सरकारने आपल्यावर उपकार म्हणून करायचे नाही. पैसा आपला आहे, लेकरे आपली आहेत. बैठकीला येताना प्रत्येक गावाने आपल्या अंगणवाडीची, दुकानाची आणि दवाखान्याची एकेक पान टिपण आणावी: काय मिळते, काय मिळत नाही, काय हवे. ती लिहायला वस्तीवरच्या बायकांना सोबत घ्यावे. त्या पानांवरूनच आपण जिल्ह्याच्या साहेबांशी बोलू.