ॲसिड पाण्याच्या बाटलीत का?

संडास धुण्याचं ॲसिड सुट्या बाटल्यांतून विकणं बंद झालं पाहिजे. महापालिकेच्या रुग्णालयात, मुलांच्या शस्त्रक्रिया विभागात माझी परिचारिकेची नोकरी झाली आहे, आणि ही मागणी मी तिथे जे पाहिलं त्यावरून करते आहे.

गल्लीत सकाळी ‘ॲसिड, फिनेल’ अशी आरोळी येते. पाण्याच्या नाहीतर थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत भरलेलं ते पिवळट ॲसिड, वर साधं झाकण, लेबल नाही. ती बाटली मोरीच्या कोपऱ्यात ठेवली जाते, म्हणजे नेमकी दोन वर्षांच्या मुलाच्या हाताशी. तहानलेलं मूल ती तोंडाला लावतं.

आमच्याकडे येईपर्यंत त्याचा आवाज बसलेला असतो. थुंकी गिळवत नाही म्हणून लाळ गळत असते आणि आई ती पदराने टिपत असते. कधी ओठ चांगले दिसतात आणि घरचे निर्धास्त होतात. पण तोंडात काही दिसत नसलं तरी अन्ननलिका भाजलेली असू शकते.

तोवर घरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढलेली असते, नाहीतर लिंबू, खायचा सोडा देऊन झालेला असतो. कळकळीने सांगते, यातलं काहीही करू नका. उलटी झाली की तेच ॲसिड वर येताना अन्ननलिका पुन्हा भाजतं. पोटभर दूध पाजलं तरी उलटीच होते. तोंड साध्या पाण्याने धुवा, भिजलेले कपडे काढा, ती बाटली बरोबर घ्या आणि निघा. बाटलीवरून डॉक्टरांना पुष्कळ कळतं. ॲसिडचा मार बऱ्याचदा जठराला जास्त बसतो, तर तुंबलेली मोरी मोकळी करायचा कॉस्टिक सोडा मांस विरघळवत खोल उतरतो. घसा सुजून श्वास कोंडत नाही ना, हे आधी पाहतात. मग साधारण 24 तासांच्या आत दुर्बिणीने तपासणी होते.

मूल घरी जातं, वरणभात खायला लागतं. तीन-चार आठवड्यांनी मात्र भात अडकायला लागतो, मग पेज, मग पाणीसुद्धा. जखम भरताना अन्ननलिका आवळत गेलेली असते. ती रुंदावण्यासाठी दर थोड्या आठवड्यांनी भूल द्यायची, असं महिनोन्महिने चालतं. तोवर पोटाला भोक पाडून बसवलेल्या नळीतून दूध. तेवढ्याने भागलं नाही, तर जठर किंवा मोठ्या आतड्याचा तुकडा वर घेऊन नवी अन्ननलिका करावी लागते. आमच्या वॉर्डातली एक मुलगी शेजारच्या खाटेवरून बिस्किट मागून घ्यायची, सावकाश चावायची आणि वाटीत थुंकून टाकायची. तिला नुसती चव हवी असायची.

ॲसिडहल्ला सोसलेल्या लक्ष्मी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली ॲसिडविक्रीवर निर्बंध घातले. विक्रेत्याने नोंदवही ठेवायची, ओळखपत्र पाहायचं, अठरा वर्षांखालच्यांना विकायचं नाही. ॲसिडहल्ले रोखायला ते हवंच होतं. पण हातगाडीवर नोंदवही मी कधी पाहिली नाही, आणि घरात आलेल्या बाटलीचं काय, हा प्रश्न तसाच राहिला आहे. अमेरिकेत फिलाडेल्फियाचे डॉ. शेव्हॅलियर जॅक्सन कॉस्टिकने अन्ननलिका भाजलेली मुलं तपासून थांबले नाहीत, कायद्यासाठी भांडले. 1927 साली तिथे अशा डब्यांवर ‘विष’ छापणं सक्तीचं झालं. लहान मुलांना सहज न उघडणाऱ्या झाकणांचा कायदा 1970 साली आला.

गाडीवाल्याचं पोट या ॲसिडविक्रीवर चालतं, हे मला मान्य आहे. त्याची गाडी बंद करू नका. त्याला तसलं झाकण आणि ठळक मराठी लेबल असलेल्या सीलबंद बाटल्या पुरवा. बाटलीमागे चार पैसे वाढतील, ते महापालिकेने सोसावेत. एकेका मुलाला महिनोन्महिने भूल देऊन अन्ननलिका रुंदावण्याचा खर्च आजही तीच सोसते आहे.