शाळा रिकामी झाली म्हणून जागा बेवारस होत नाही

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात सार्वजनिक शाळा कशी रिकामी होते, ते आता लोकांना पाठ झाले आहे. आधी शिक्षक कमी होतात, मग पट घटतो, मग उरलेल्या मुलांचे दुसऱ्या शाळेत 'समायोजन' होते. खिडक्यांचे गज जातात, रात्री पत्ते आणि दारू सुरू होते. मग कुणीतरी म्हणतो, 'जागा पडून आहे, पुनर्विकास करा.' पुनर्विकास कुणासाठी, असे विचारणारा मात्र विकासाचा विरोधक ठरतो. तरी आम्ही तो प्रश्न विचारणार.

वस्तीतली मते एकसारखी नाहीत, हे लपवण्यात अर्थ नाही. धुणीभांडी करणाऱ्या आयाबायांना पायी जाता येईल अशी शाळा हवी. स्पर्धा परीक्षा देणाऱ्या पोरांना अभ्यासिका हवी. म्हाताऱ्यांना दवाखाना हवा. काहींना वाटते की पालिकेकडे पैसा नाही, तर बिल्डरला द्या. खाली शाळा, वर फ्लॅट. आणि आपल्यातलेच काही जण म्हणतात, समाजमंदिर किंवा विहार बांधा.

या सगळ्यांना आमचे एकच सांगणे आहे. ही जागा कुणाची, ते आधी ठरवा.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा आणि सार्वजनिक शाळाही अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असे त्यात होते. पाण्याची बाजू आपण विसरलो नाही; २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्यावर तो हक्क बजावला. त्याच वर्षी मे महिन्यात ते बदलापूरला शिवजयंतीच्या उत्सवाचे अध्यक्ष म्हणून आले होते. पण ठरावातली शाळा आपण विसरलो. सार्वजनिक तळे जसे सर्वांचे, तशीच सार्वजनिक शाळाही सर्वांची. शाळेत जाण्याचा हक्क मिळाला, आणि आता शाळाच राहिली नाही तर त्या हक्काचे करायचे काय?

'पालिकेकडे पैसा नाही' हे उत्तर आम्हाला मान्य नाही. महापालिका अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्राथमिक शिक्षण हे महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या महाराष्ट्रातील नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत असायला हवी. उल्हासनगर अवघ्या १३ चौरस किलोमीटरचे. २०११ च्या जनगणनेतच तिथे पाच लाखांहून अधिक माणसे होती. इथे एकदा गेलेले मैदान पुन्हा मिळत नाही. वर फ्लॅट झाले की मैदानाचे पार्किंग होते आणि उद्या त्याच इमारतीतले लोक मुलांच्या गोंगाटाची तक्रार करतात.

इमारत खरोखर धोकादायक असेल तर ती पाडा. मे २०२१ मध्ये मोहिनी पॅलेस आणि साईसिद्धी या इमारतींचे स्लॅब कोसळून माणसे मेली, ते उल्हासनगर विसरलेले नाही. मुलांच्या जिवाशी खेळ नको. पण धोकादायक आहे हे ठरवणारा अहवाल लोकांसमोर ठेवा. माहीमच्या न्यू माहीम शाळेची इमारत धोकादायक ठरवली गेली तेव्हा २०२५ मध्ये पालक, रहिवासी आणि मराठी शाळांचे कार्यकर्ते रस्त्यावर उतरले. इमारत पाडणे आणि शाळा मोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता आपल्या माणसांशी दोन शब्द. विहार हवा, समाजमंदिरही हवे. पण ते शाळेच्या जागेवर नको. आज आपण आपल्यासाठी शाळेची जागा मागितली, तर उद्या दुसरा त्याच्या देवळासाठी मागेल, आणि तेव्हा त्याला नाही म्हणायला आपल्याला तोंड राहणार नाही. बाबासाहेबांनी १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि १९४६ ला सिद्धार्थ कॉलेज सुरू केले. फुले दांपत्याने १८४८ ला मुलींची शाळा काढली तो भिडेवाडा वर्षानुवर्षे मोडकळीत राहिला आणि डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडला गेला. स्मारक व्हायलाच हवे. पण शाळा मेल्यावर स्मारक मागण्यापेक्षा ती जिवंत असताना वाचवणे सोपे असते.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. जागेची मालकी आणि विकास आराखड्यातले आरक्षण फलकावर लावा. उल्हासनगरात सनदांचा घोळ असल्याने हे आधी हवे. शाळा गरजेची आहे का, हे घरोघरी मुले मोजून ठरवा, ओस पडलेल्या वर्गाच्या पटावरून नको. नवी इमारत शाळेचीच असावी. संध्याकाळी तिच्यातच अभ्यासिका चालावी. अभ्यास करणाऱ्या पोरांचे आणि लहान मुलांचे भांडण लावू नका.

आणि वस्तीने एक काम करावे. आरक्षण बदलायचे असेल तर नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली नोटीस काढून हरकती मागवाव्या लागतात. मुदत एका महिन्याची असते. ती नोटीस राजपत्रात निघते, चहाच्या टपरीवर लागत नाही. तिच्यावर नजर ठेवा. एका अर्जावर शंभर सह्या करण्यापेक्षा शंभर जणांनी शंभर हरकती द्या, पोच घ्या आणि सुनावणीला हजर राहा. तळ्यावर जायला हजारो पावले लागली होती. पालिकेच्या दारापर्यंत जायला आपल्याला एवढी चालायची नाहीत.

जय भीम! जय संविधान!