माळ पडीक कोणी ठरविला?

जैसलमेरच्या माळावर सेवण गवत, केर आणि बोरीची झुडपे यांखेरीज नजरेत भरण्यासारखे काही नाही. तेवढ्यावरून सरकारी दप्तरात अशा जमिनीची नोंद ‘पडीक’ म्हणून होते. वस्तुतः याच माळावर माळढोकाची मादी उघड्या जमिनीवर एकुलते एक अंडे घालते आणि याच माळावर मेंढपाळांची मेंढरे व उंट जगतात. जिच्यातून सारा निघत नाही ती जमीन निरुपयोगी, हा इंग्रजी अमदानीतील हिशेब. स्वतंत्र भारताच्या महसूल खात्याने तो निमूटपणे पुढे चालविला.

एके काळी पंजाबपासून तामिळनाडूपर्यंत आढळणारा हा पक्षी आज दीडशेच्या आसपासच उरला असून त्यांतील बहुतेक राजस्थानात आहेत. कच्छमधील नलियाच्या माळावर मोजक्या माद्या उरल्या, नर नाही. तेव्हा हा प्रश्न एकट्या राज्याच्या वनखात्याने सुटणारा नाही. केंद्र सरकार, राजस्थान सरकार आणि डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था यांच्या सहकार्याने 2019 पासून जैसलमेर जिल्ह्यात अंडी उबवून पिले वाढविली जात आहेत, आणि ऑक्टोबर 2024 मध्ये कृत्रिम रेतनातून पहिले पिलू जन्मले. हे यश मोठेच. परंतु ही पिले उद्या सोडावयाची कोठे?

माळावर आता सौरऊर्जेची तावदाने आणि उच्च दाबाच्या तारा पसरल्या आहेत. माळढोकाला समोरचे नीट दिसत नाही. जड शरीरामुळे ऐनवेळी वळताही येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2021 मध्ये तारा जमिनीखाली नेण्याचा आदेश दिला. मार्च 2024 मध्ये तो सौम्य करून प्रश्न तज्ज्ञांच्या समितीकडे सोपविला. सौरऊर्जा देशाला हवी, यात वाद नाही. वाद आहे तो तिच्यासाठी स्वस्त जमीन म्हणून दरवेळी गायरानच का पुढे केले जाते, याबद्दल.

संरक्षणाच्या नावानेही कष्टकऱ्यांवर अन्याय होऊ शकतो, हे सोलापूरकरांना सांगावयास नको. 1979 साली नान्नजच्या माळढोक अभयारण्याची हद्द कागदावर तब्बल 8,496 चौरस किलोमीटर आखली गेली. तीत शेते आली, वस्त्या आल्या, गावेच्या गावे आली. जमिनीचे व्यवहार अडले आणि शेतकऱ्याला तो पक्षी आपला वैरी वाटू लागला. पुढे ही हद्द 1,222 चौरस किलोमीटरपर्यंत आवळावी लागली. तोवर माळढोक जवळजवळ दिसेनासा झाला होता. शेतकऱ्याला न विचारता आखलेली रेघ शेवटी पक्ष्यालाही वाचवू शकली नाही.

राजस्थानात याहून जुनी एक व्यवस्था आहे. ओरण म्हणजे देवाच्या नावाने राखलेले सामाईक माळरान. तेथे झाड तोडावयाचे नाही, गुरे मात्र चारावयाची. जैसलमेरच्या देगराय ओरणातून वीजवाहिन्या जाऊ लागल्या तेव्हा सर्वांत आधी आवाज उठविला तो उंट पाळणाऱ्यांनी. डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातील देवरायांची प्रत्यक्ष व उपग्रहाद्वारे मोजणी करून त्यांची वन म्हणून नोंद करण्यास सांगितले. ही मोजणी करताना तलाठ्याशेजारी गुराखी उभा असला पाहिजे आणि ‘वन’ म्हणून नोंद झाल्यावर त्याच गुराख्याची चराई बंद होता कामा नये. राजस्थान आणि गुजरात यांच्या वन, महसूल व ऊर्जा खात्यांना एकत्र बसवावयाचे असेल, तर त्या बैठकीत पहिला विषय हाच घ्यावा.